टर्बो गाडीला इंजेक्टर किती सीसीचे टाकायचे, आणि ते चालवणार कोण

टर्बो मोठा केला, इंटरकूलर बसला, आता बूस्ट वाढवायचाय, की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, इंजेक्टर कितीचे टाकू, ५५० का ७५० का सरळ हजार सीसी (मिनिटाला तेवढे सीसी पेट्रोल). आधी हे सांगा की पॉवर किती पाहिजे आणि टाकीत कुठलं फ्युएल असणार, कारण इंजेक्टरने एक एचपी पण वाढत नाही, हवा जेवढी आत जाते तिला पुरेल एवढं पेट्रोल द्यायचं एवढंच त्याचं काम. आणि मोठा इंजेक्टर नीट चालवणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नसेल तर आत्ता बरी चाललेली गाडीसुद्धा सिग्नलला बंद पडायला लागते.

हिशोब अवघड नाहीये. टर्बो पेट्रोल इंजिन फुल लोडला एका एचपीमागे तासाला साधारण ०.५५ ते ०.६५ पाउंड पेट्रोल पितं, आपण ०.६ धरू. समजा चार सिलिंडर आणि ३०० एचपी पाहिजेत, आणि हे क्रँकचे हं, म्हणजे खुद्द इंजिनचे, डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) चाकाचे दिसतात ते नाही. ३०० गुणिले ०.६ म्हणजे तासाला १८० पाउंड. ते चार इंजेक्टरमध्ये वाटायचं आणि प्रत्येकाला ८० टक्केच राबवायचं, म्हणजे १८० भागिले ३.२, आलं ५६ पाउंड. एक पाउंड तासाला म्हणजे साधारण १०.५ सीसी मिनिटाला, म्हणजे झाले ५९०. तर ६५० घ्या, पुढे अजून वाढवायचा विचार पक्का असेल तर ७५० घ्या, पण "असू दे, पुढे कामाला येतील" म्हणून १२०० घेऊ नका. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं फ्युएल) टाकणार असाल तर मात्र त्याच पॉवरला ३० ते ४० टक्के जास्त फ्युएल लागतं, म्हणजे ८०० च्या आसपास सुरुवात करा.

८० टक्केच का, तर ६००० आरपीएमला इंजिनची एक पूर्ण सायकल २० मिलिसेकंदात संपते, त्यातले १६ मिलिसेकंद इंजेक्टर उघडा. याच्या फार वर गेलात तर त्याला बंद होऊन परत उघडायला वेळच उरत नाही, फ्लो बेभरवशाचा होतो, आणि १०० टक्क्याला तर तो कायमचा उघडाच राहतो, मग ईसीयूने कितीही मागितलं तरी अजून पेट्रोल येणार कुठून. वरून बूस्ट वाढला की मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), लीन झालं की नॉक (मिक्श्चर अवेळी पेटणं), आणि मग पिस्टन जातो.

आता ज्यात बरेच जण फसतात ते. बॉक्सवरचा सीसीचा आकडा कुठल्या प्रेशरला मोजलाय हे विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. बहुतेक जण ३ बारला मोजतात, काही ४ बारला. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ३ वरून ४ बार केलं तर फक्त १५ टक्के वाढतो, पण ४ बारला "६५०" लिहिलेला इंजेक्टर ३ बारला ५६० च भरतो आणि आपला वरचा हिशोब तिथेच तोकडा पडला. शिवाय हे प्रेशर म्हणजे रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळी) यांच्या प्रेशरमधला फरक. १ बार बूस्ट आला की ३ चा फरक टिकवायला रेलमध्ये ४ पाहिजे, ते काम मॅनिफोल्डची नळी जोडलेला रेग्युलेटर करतो. काही गाड्यांना कंपनीतूनच रिटर्नलेस सिस्टीम (रेलमधून टाकीकडे परतीची नळी नसलेली) असते आणि रेल प्रेशर एकाच आकड्यावर बांधलेलं असतं, तिथे बूस्ट वाढेल तसा फरक कमी होतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी फ्लो घटतो. आपली कुठली आहे ते आधी बघा.

पंपाचं पण तेच. प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो पडतो, आणि जाहिरातीत लिटर दिलेले असतात ते कमी प्रेशरचे. ३०० एचपीला ताशी ११३ लिटर लागतात, तर ४ बारला, १३.५ व्होल्टवर, निदान १५० लिटर देणारा पंप पाहिजे आणि तो चार्ट बघूनच घ्या. पंपाला बॅटरीपासून जाड वायर आणि वेगळा रिले टाका, बारीक जुन्या वायरीत व्होल्टेज पडलं की चांगला पंप पण ढिला पडतो.

माझ्या मते इंजेक्टर घेताना सीसीपेक्षा त्याचा डेटा विकत घ्यायचा. करंट मिळाल्यापासून खरोखर उघडेपर्यंत जो वेळ वाया जातो तो डेड टाइम, १४ व्होल्टला साधारण १ मिलिसेकंद, व्होल्टेज कमी झालं की वाढतो. आयडलला मोठ्या इंजेक्टरचा पल्स जेमतेम २ मिलिसेकंदाचा, त्यातला निम्मा डेड टाइममध्येच गेला, मग ईसीयूमधला आकडा नुसता ०.१ ने चुकला तरी पेट्रोल १० टक्के चुकतं. एसी लावला, हेडलाइट लावले की गाडी गचके खाते ती यामुळेच बऱ्याचदा. वेगवेगळ्या व्होल्टेजचं डेड टाइम टेबल आणि छोट्या पल्सचा डेटा जो विक्रेता देत नाही त्याचा माल स्वस्त असला तरी नको. सेट फ्लो मॅच केलेला घ्या, कारण एक इंजेक्टर ८ टक्के कमी देत असेल तर तो एकच सिलिंडर लीन चालतो आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिक्श्चर मोजणारा सेन्सर) चारींची सरासरी दाखवून सगळं ठीक म्हणतो.

मल्टीमीटर लावून रेझिस्टन्स बघा, १२ ते १६ ओहम असेल तर हाय इम्पिडन्स, २-३ असेल तर लो. हाय वाल्या ईसीयूला लो इंजेक्टर सरळ जोडले तर ईसीयूमधला ड्रायव्हर (इंजेक्टरला करंट देणारं सर्किट) जळतो. लांबी, ओ-रिंग, प्लग हे पण जुळवा.

हे सगळं चालवणार कोण? जास्त बूस्टला जास्त फ्युएल प्रेशर ढकलणारा जुना एफएमयू (एक प्रकारचा रेग्युलेटर) विसरा. पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा वरचा बॉक्स) हा सेन्सरचा सिग्नल वाकवून ईसीयूला फसवतो, मोठ्या इंजेक्टरसाठी हवा कमी दाखवली की ईसीयूला लोड कमी वाटतो आणि तो स्पार्कचं टायमिंग पुढे घेतो, बूस्टमध्ये नेमकं तेच नको असतं. तुमच्या ईसीयूला रीफ्लॅश (त्याच ईसीयूत नवा प्रोग्रॅम टाकणं) मिळत असेल तर पहिली पसंती तीच, कोल्ड स्टार्ट, एसी, मीटर सगळं शाबूत राहतं. मॅफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) ५ व्होल्टला टेकत असेल तर मात्र मोठा मॅफ किंवा स्पीड डेन्सिटी (मॅफशिवाय, मॅनिफोल्ड प्रेशरवरून हवेचा हिशोब). ईसीयू बंदच असेल, काही बदलता येत नसेल, तरच स्टँडअलोन (मूळच्या जागी बसणारा वेगळा ईसीयू), आणि त्यात चांगल्या ट्यूनरचे तास धरूनच बजेट करा.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांनी मात्र हे आकडे वापरू नका, तिथे हाय प्रेशर पंप आधी कमी पडतो आणि खेळ वेगळा आहे.

बसवल्यावर इंजिन चालू करायच्या आधी पंप चालू करून रेलला लीक बघा. मग इंजिन आयडलला ठेवून रेग्युलेटरची नळी काढून बेस प्रेशर लावा. पहिले पुल (फुल थ्रॉटलवर गाडी खेचून बघणं) कमी बूस्टला, वाइडबँड आणि रेल प्रेशर दोन्ही लॉग करत. फुल बूस्टला लॅम्डा (मिक्श्चरचा आकडा, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.७८ ते ०.८२ च्या आसपास ठेवतात, आणि बूस्ट चढताना रेल प्रेशर त्याच्याबरोबर चढायला पाहिजे, मध्येच खाली वाकलं तर लगेच पाय काढा आणि पंप, फिल्टर, वायरिंग बघा, मॅपमध्ये पेट्रोल वाढवत बसू नका.