टीबी आणि एचआयव्ही एकत्र असताना: वस्तीत काम करणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

दक्षिण महाराष्ट्रातील एका शहरात, धंदा करणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीत, मी आधी आरोग्य कार्यकर्ती म्हणून आणि नंतर समुपदेशक म्हणून बरीच वर्षे काम करते आहे. दरवर्षी नवीन मुले-मुली कामावर येतात. ती हुशार असतात, आमच्यापेक्षा भराभर माहिती भरतात, आणि आम्ही केलेल्याच चुका पहिल्या तीन महिन्यांत नव्याने करतात. एचआयव्ही असलेल्या माणसांच्या मृत्यूचे जगभरातील सर्वांत मोठे कारण टीबी हेच आहे, त्यामुळे या चुकांची किंमत अहवालातील रकान्यापुरती राहत नाही.

सर्वांत मोठी चूक चार प्रश्नांची. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांविषयी विचारायचे असते, आणि चारांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तरी तपासणीला पाठवायचे असते. भिंतीवरच्या फलकावर ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला’ असे लिहिलेले असते, ते सर्वसामान्य लोकांसाठी. एचआयव्ही असलेल्या बाईचा कालपासूनचा खोकलाही मोजायचा. हे सगळ्यांना पाठ असते. तरीही संध्याकाळी सहा वाजता, बाई पावडर लावून दारात उभी राहण्याच्या बेतात असताना, एखादा मुलगा मोबाईल हातात घेऊन ‘खोकला? ताप? वजन? घाम?’ असे एका दमात विचारतो, चार वेळा ‘नाही’ ऐकतो आणि पुढच्या दाराशी जातो. तासाभरात पंचवीस नोंदी झाल्या म्हणून तो खूश असतो. पण ‘खोकला आहे’ असे बाईने घरवालीच्या, म्हणजे कोठा चालवणारीच्या, देखत म्हटले, तर तिची खोली जाते, गिऱ्हाईक जाते, आणि डोक्यावरचे कर्ज तेवढे मागे राहते. मग ती ‘आहे’ कशाला म्हणेल?

हे मी एवढ्या तावातावाने सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. 2018 च्या पावसाळ्यात एका बाईच्या नावापुढे मी चार ‘नाही’ लिहिले. ती दारात उभ्या-उभ्या बोलली होती आणि मलाही घरी जायची घाई होती. चारही उत्तरे नकारार्थी असल्यामुळे तिला टीबी होऊ नये म्हणून देतात त्या आयसोनियाझिडच्या गोळ्या सुरू झाल्या. खरी गोम इथे आहे: आयसोनियाझिड हे एकटे औषध टीबी झालेला नसताना संरक्षण देते, पण टीबी आधीच अंगात सुरू असेल, तर एकट्या औषधाने तो मरत नाही, उलट त्या औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मागे उरतात. दीड-दोन महिन्यांनी मी दुपारी तिच्या खोलीत बसले होते. ती केस पुसत होती. ओले केस तिने एका बाजूला घेतले तेव्हा मानेवर लिंबाएवढी गाठ दिसली, आणि मग लक्षात आले की तिच्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना लावलेल्या आहेत. “ब्लाऊज सैल कधीपासून होतोय?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “गणपतीच्या आधीपासनं, अक्का.” म्हणजे मी ‘वजन घटले नाही’ असे लिहिले, तेव्हाही तिचे वजन घटतच होते.

त्यानंतर दुसरी चूक होता होता राहिली. तिचा छातीचा एक्स-रे स्वच्छ आला, बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत, आणि ‘टीबी नाही’ असे सांगून तिला परत पाठवण्याची तयारी झाली. एचआयव्हीमध्ये प्रतिकारशक्ती खालावलेली असताना फुप्फुसात पोकळ्या तयार होण्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे बेडक्यात जंतू कमी उतरतात. शिवाय टीबी गाठीत, फुप्फुसाच्या आवरणात, पोटात किंवा मेंदूच्या आवरणात बसलेला असू शकतो. म्हणूनच अशा रुग्णाची पहिली तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटने, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुके यंत्रावर शोधणाऱ्या चाचणीने, करायची असते, आणि गाठ असेल तर गाठीतून सुईने नमुना घ्यायचा असतो. आम्ही हट्ट धरला. गाठीतील स्रावात सीबीनॅटवर टीबी सापडला, आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवायला ठेवलेल्या नमुन्याचा अहवाल काही आठवड्यांनी आला, तेव्हा त्यावर आयसोनियाझिडचा परिणाम होत नसल्याचे कळले. तो तसा आधीपासूनच होता की माझ्या चार ‘नाही’मुळे झाला, हे कोणालाच सांगता आले नाही. औषधे बदलली, ती बरी झाली आणि मी संध्याकाळी प्रश्न विचारणे सोडले.

आता मी अकरा ते एकच्या दरम्यान जाते, कारण तेव्हा बायका उठून चहा घेत असतात आणि घरवाली बाजारात गेलेली असते. ‘रात्री घाम येतो का’ असे मी विचारत नाही. ‘झोपेत गाऊन बदलावा लागतो का’ असे विचारते. वजनाचा काटा पिशवीत असतो, आणि मागच्या भेटीचे वजन वहीत लिहिलेले असते. तापाविषयी विचारताना ‘कणकण आली की कोणती गोळी घेतेस’ असा प्रश्न टाकला, की ताप आपोआप बाहेर पडतो. दिवसाला सहा-सात जणींशीच बोलणे होते. यावरून मला बोलणी खावी लागली आहेत, पण पंचवीस खोट्या ‘नाही’पेक्षा सहा खरी उत्तरे मला चालतात.

डबीत थुंकी आली, तर ती डबी प्रयोगशाळेत पाठवूच नका. चूळ भरायला लावा, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावा आणि छातीतून बेडका येईपर्यंत थांबा.

खोकल्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेल्या लेव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांनी टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबते, म्हणून आधी काय खाल्ले ते विचारा.

टीबीच्या गोळ्यांतील रिफॅम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी गोळ्या गटारात जातात.

‘दारू सोड, मगच गोळ्या’ असे कधीही म्हणू नका. ती गोळ्या सोडते. दारूने यकृतावर ताण येतो हे खरे आहे, म्हणून किती पिते ते डॉक्टरांना सांगा आणि कावीळ, उलट्या यांवर लक्ष ठेवा.

एचआयव्हीची औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गाठी वाढल्या किंवा ताप उलटला, तर औषध लागू पडत नाही असे समजून कोणी ते बंद करू नये. जागी झालेली प्रतिकारशक्ती जंतूंशी झगडत असल्यामुळेही असे होते; मात्र हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे आहे, आपण फोनवर धीर देऊन भागत नाही.

दुसरी मोठी चूक दोन खिडक्यांची. टीबीच्या गोळ्या एका खिडकीवर मिळतात, एचआयव्हीच्या दुसऱ्या, आणि दोन्ही पुडकी एकत्र कोणी पाहत नाही. रिफॅम्पिसिनमुळे यकृत डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचे औषध झपाट्याने मोडून टाकते, म्हणून रोजच्या एका गोळीतील 50 मिलिग्रॅमवर भागत नाही. बारा तासांनी आणखी 50 मिलिग्रॅमची वेगळी गोळी लागते. एक बाई मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेली, तिथून माहेरी गेली, आजारी पडली आणि तिथेच तिचे टीबीचे उपचार सुरू झाले. एचआयव्हीविषयी तिला भर व्हरांड्यात, चार माणसांत विचारले गेले, तेव्हा ती अर्थातच ‘नाही’ म्हणाली. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा 2017 चा कायदा गोपनीयता सक्तीची करतो, पण व्हरांड्यात तो कोणाला आठवत नाही. पाच महिने ती दोन्ही गोळ्या नेमाने घेत होती आणि जादा गोळीचा पत्ताच नव्हता. परत आल्यावर तपासले, तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण वाढलेले निघाले. तिने एकही गोळी चुकवली नव्हती, तरी ‘नीट घेत नसशील’ हे तिलाच ऐकावे लागले.

म्हणून मी दोन्ही पुडकी एका चटईवर मांडायला लावते. जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकीला दोन्ही कार्डांचे फोटो आणि परतीच्या तारखेपेक्षा आठ दिवसांच्या जादा गोळ्या घ्यायला सांगते. ‘सकाळी आठ, रात्री आठ’ हे छापील उत्तर वस्तीत चालत नाही, कारण रात्री आठला धंद्याची वेळ असते. संध्याकाळी पाचला, तयार होण्याआधी एक, आणि पहाटे पाचला, झोपण्यापूर्वी दुसरी, हे जमते. टीबीची औषधे संपली त्या दिवशी जादा गोळीही बंद करण्याची घाई करू नये, कारण रिफॅम्पिसिनचा परिणाम लगेच ओसरत नाही आणि ती गोळी आणखी 2 आठवडे चालू ठेवावी लागते. ती तारीख मी मार्करने थेट डबीच्या झाकणावर लिहिते.