ब्रिटनमध्ये घरचे इंटरनेट घेताना : मराठवाड्यातून येणाऱ्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणी, बीड या भागांतून शिकायला किंवा नोकरीला येणारी मुले-मुली सप्टेंबरात आणि जानेवारीत कॉव्हेंट्रीत उतरतात, तेव्हा त्यांच्यापुढे खोली, बँकेचे खाते आणि इंटरनेट अशी तीन कामे एकदम उभी राहतात. खोलीसाठी ती चार जणांना विचारतात, बँकेसाठी विद्यापीठाची मदत घेतात, आणि इंटरनेट मात्र फोनवर दिसलेली पहिली स्वस्त जाहिरात पाहून घेऊन टाकतात. गेली बरीच वर्षे मी या शहरात राहतो आणि या तिसऱ्या कामातच सर्वांत जास्त पैसे वाया गेलेले पाहतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडे इंटरनेट म्हणजे रिचार्ज असतो. गल्लीतला केबलवाला फायबरची वायर आणून देतो, महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे आधी भरायचे, मुदत संपली की नेट बंद पडते आणि पैसे भरले की पुन्हा सुरू होते. गावी जाणार असलो तर दोन महिने भरत नाही आणि त्याबद्दल कोणी विचारतही नाही. ब्रिटनमध्ये घरचे ब्रॉडबँड हा करार असतो. तो बहुधा १२, १८ किंवा २४ महिन्यांचा असतो आणि तुम्ही नेट वापरा अथवा न वापरा, घर सोडा किंवा देश सोडा, ठरलेल्या मुदतीपर्यंतचे पैसे देण्यास तुम्ही बांधलेले असता. मध्येच करार मोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे, कंपनीचा वाचणारा खर्च वजा करून, एकरकमी मागितले जातात. ही एक गोष्ट नीट समजली तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

माझ्या ओळखीच्या एका परभणीच्या मुलाची हकीकत सांगतो. पाच जणांनी मिळून घर घेतले, अभ्यासक्रम एक वर्षाचा, भाडेकरारही एक वर्षाचा. महिना २८ पौंडांचे ब्रॉडबँड स्वस्त दिसले म्हणून या मुलाने ते आपल्या एकट्याच्या नावावर घेतले आणि २४ महिन्यांच्या करारावर मोबाईलवरच होकार दिला. वर्ष संपले, दोघे भारतात परतले, एक लंडनला गेला, एक मँचेस्टरला गेला, आणि उरलेल्या बारा महिन्यांपोटी सुमारे ३०० पौंडांचे, म्हणजे तीस हजार रुपयांहून अधिक रकमेचे बिल याच्या नावाने आले. बाकीच्या चौघांनी फोन उचलणे हळूहळू बंद केले. रिचार्ज थांबवल्यासारखे त्यानेही बँकेतले डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप पैसे जाण्याची सोय, रद्द केले आणि प्रकरण मिटले असे समजला. काही आठवड्यांनी वसुली करणाऱ्या संस्थेचे पत्र आले. त्यापेक्षा मोठे नुकसान मात्र डोळ्यांना न दिसणारे होते : थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालावर, म्हणजे तुम्ही कर्ज आणि बिले कशी फेडता याच्या नोंदवहीत, सहा वर्षे राहते आणि मोबाईलचा करार, भाड्याचे घर, पुढे गृहकर्ज, या प्रत्येक ठिकाणी ती आडवी येते.

म्हणून किंमत पाहण्याच्या आधी भाडेकरार हातात घ्या आणि त्यातली शेवटची तारीख पाहा. ब्रॉडबँडचा करार त्या तारखेच्या पुढे जाता कामा नये. वर्षभराचे घर असेल तर १२ महिन्यांचाच करार शोधा किंवा दर महिन्याला बंद करता येणारे कनेक्शन घ्या. त्याचा महिन्याचा दर जास्त असतो आणि सुरुवातीला जोडणीचे पैसेही लागू शकतात, तरीही एकूण हिशेब केल्यावर एक वर्ष राहणाऱ्याला तेच स्वस्त पडते. पाच जणांचे घर असेल तर ज्याच्या नावावर करार आहे त्याच्याकडे प्रत्येकाने आपल्या वाट्याची पूर्ण मुदतीची रक्कम लेखी मान्य करावी. गावाकडचा मित्र आहे, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचे, असा संकोच आपल्या मुलांना वाटतो. मैत्री टिकवायची असेल तर हे लिहून घेणे आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लातुरातल्या किंवा नांदेडातल्या वडिलांनी ‘वर्षाचे एकदम भरून टाक, स्वस्त पडते’ असा सल्ला फोनवरून देऊ नये, ही त्यांनाही विनंती आहे. तो सल्ला तिकडे बरोबर आहे. इथे पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप जातात आणि करार करण्याआधी कंपनी तुमचा क्रेडिट इतिहास तपासते. नवीन आलेल्याचा असा इतिहासच नसल्यामुळे कधी कधी नकार येतो. त्याचे वाईट वाटून घेऊ नका आणि लागोपाठ चार कंपन्यांकडे अर्जही करू नका. पहिला महिना मोबाईलच्या भरपूर डेटा असलेल्या ३० दिवसांच्या सिमवर, हॉटस्पॉट वापरून काढा. तोवर बँकेचे खाते स्थिरावते आणि घर ठेवायचे की नाही हेही कळते. विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा सर्व बिले भाड्यात धरलेल्या घरात राहत असाल तर वेगळे कनेक्शन घेण्याचे कारणच नाही.

आता किमतीबद्दल. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा फक्त पहिल्या मार्चपर्यंत खरा असतो, कारण अनेक कंपन्या दर एप्रिलमध्ये दर वाढवतात. पूर्वी ही वाढ महागाईच्या दरावर ठरत असे आणि ग्राहकाला ती आधी कळतच नसे. १७ जानेवारी २०२५ पासून दूरसंचार नियामक ऑफकॉमच्या नियमानुसार नव्या करारांत वाढ किती आणि कधी होणार, हे पौंड आणि पेन्समध्ये आधीच सांगावे लागते. हा नियम चांगला आहे, पण तो वाचणाऱ्यालाच उपयोगी पडतो. समजा, सप्टेंबरात २७ पौंडांना २४ महिन्यांचा करार केला आणि दर एप्रिलला ३ पौंड वाढ लिहिलेली आहे. पहिले सात महिने २७, पुढचे बारा महिने ३० आणि शेवटचे पाच महिने ३३, असे एकूण ७१४ पौंड होतात. जाहिरातीच्या दराने ते ६४८ झाले असते. दोन योजनांची तुलना करताना जोडणीचा खर्च धरून अशी पूर्ण मुदतीची बेरीज कागदावर करावी.

कंपन्यांच्या नावांची गर्दी पाहून गोंधळू नका. बीटी, स्काय, प्लसनेट, ईई ही दुकाने वेगळी दिसली तरी घरापर्यंत येणारी वायर बहुतेक ठिकाणी ओपनरीच या एकाच संस्थेची असते. जायकवाडीच्या एकाच कालव्यावरून वेगवेगळ्या चाऱ्यांना पाणी सुटावे तसे हे आहे, चारी बदलल्याने पाण्याची पातळी बदलत नाही. व्हर्जिन मीडियाचे जाळे वेगळे आहे आणि कॉव्हेंट्रीसारख्या शहरांत सिटीफायबरने स्वतंत्र फायबर टाकले आहे, ज्यावरून व्होडाफोनसारख्या कंपन्या सेवा देतात. त्यामुळे ‘अमकी कंपनी चांगली’ हा लंडनमधल्या मित्राचा सल्ला तुमच्या घराला लागू होईलच असे नाही. एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या घरांना वेगवेगळे पर्याय मिळतात. ऑफकॉमच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून आपला नेमका घर क्रमांक निवडा आणि तिथे काय येते ते घर पक्के करण्याच्या आधीच पाहा.

चौकातल्या हिरव्या पेटीपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत तांब्याची तार असेल, तर वेग फार तर ८० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट, हे नेटचा वेग मोजण्याचे माप) आसपास जातो आणि पेटी दूर असेल तर बराच कमी होतो. थेट घरात फायबर येत असेल तर १००० आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त वेगाच्या योजना मिळतात, पण त्यांची गरज फार थोड्यांना असते. दोघा-तिघांच्या घराला ५० ते १०० एमबीपीएस भरपूर झाले, कारण स्पष्ट व्हिडिओ पाहायला एका पडद्यामागे ५ एमबीपीएस पुरतात. ‘सर्वांत मोठा प्लॅन घेतला’ हे मित्रांना सांगण्यासाठी दर महिन्याला दहा पौंड जास्त देणारी आपली मुले पाहिली की मनाला लागते, कारण त्या पैशासाठी घरच्यांनी कर्ज काढलेले असते. त्याऐवजी अपलोडचा, म्हणजे तुमच्याकडून बाहेर माहिती जाण्याचा, वेग विचारा. आई-वडिलांशी व्हिडिओवर बोलताना किंवा ऑनलाइन मुलाखत देताना तुमचे चित्र थांबते ते अपलोड कमी असल्यामुळे. जाहिरातीतला सरासरी वेग रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी निम्म्या ग्राहकांना मिळाला तरी नियम पाळला जातो, म्हणजे उरलेल्या निम्म्यांना तो मिळत नसू शकतो. तुमच्या घरासाठी हमी दिलेला किमान वेग किती, हे करारापूर्वी कंपनीला सांगावे लागते. तो आकडा जपून ठेवा. त्याहून कमी वेग मिळाला आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत सुधारला नाही, तर ऑफकॉमच्या वेगाबद्दलच्या ऐच्छिक संहितेत सामील असलेल्या कंपन्यांच्या ग्राहकाला दंड न भरता करार सोडता येतो.

आपल्याच लोकांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. व्हॉट्सॲप गटांवर मदतीच्या नावाखाली शिफारशीच्या लिंक फिरतात. तुम्ही त्या लिंकवरून कनेक्शन घेतले की पाठवणाऱ्याला व्हाउचर मिळते. त्यात गैर काही नाही, पण तसे उघड सांगितले पाहिजे, आणि ज्याचा पगार नुकताच सुरू झाला आहे किंवा झालेलाच नाही अशा मुलाला २४ महिन्यांत अडकवून व्हाउचर घेणे मला अजिबात पटत नाही. लिंक आली की ‘यात तुम्हाला काही मिळते का आणि करार किती महिन्यांचा आहे’ असे थेट विचारा.

कंपनी बदलणे आता सोपे झाले आहे. १२ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या पद्धतीत तुम्ही फक्त नव्या कंपनीकडे जायचे. नाव, पत्ता आणि जुन्या कंपनीचे नाव दिले की बाकीचे व्यवहार नवी कंपनी करते. जुनी कंपनी तुम्हाला किती दंड लागेल ते लेखी कळवते आणि ते वाचूनच तुम्ही होकार द्यायचा. जुने कनेक्शन स्वतःहून आधी बंद करू नका, नाही तर मध्ये काही दिवस घर नेटशिवाय राहील. बदल झाल्यानंतरच्या नोटीस काळाचे पैसे जुन्या कंपनीला घेता येत नाहीत, मुदत शिल्लक असेल तर तिचा दंड मात्र लागतो. घर बदलत असाल तर ही पद्धत चालत नाही, तिथे दोन्ही कंपन्यांशी स्वतः बोलावे लागते. नवा करार घेतल्यानंतर विचार बदलला तर १४ दिवस हातात असतात.

मुदत संपल्यावर काही न करणे ही दुसरी महाग सवय. करार संपण्याच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीने तुम्हाला कळवलेच पाहिजे, आणि ते पत्र जाहिरात समजून टाकून दिले तर पुढच्या महिन्यापासून दर बराच वाढतो. या देशात निष्ठावान ग्राहकाला सवलत मिळत नाही, ती विचारणाऱ्याला मिळते. गुलमंडीवर साडीचा भाव निम्म्यावर आणणारी आपली माणसे इथे फोनवर इंग्रजीत बोलायचे म्हणून गप्प बसतात. फोन लावा, करार संपतो आहे आणि सोडून जायचे आहे असे सांगा, म्हणजे ग्राहक टिकवण्याचे काम करणाऱ्या विभागाकडे फोन जातो. दुसऱ्या कंपनीचा नेमका दर समोर ठेवा आणि शांतपणे थांबा. पहिला देकार स्वीकारू नका. दर कमी करून ते पुन्हा २४ महिन्यांत बांधत असतील, तर परत भाडेकरार उघडा.

बिघाडाची तक्रार केल्यावर दोन पूर्ण कामकाजाच्या दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर बहुतेक मोठ्या कंपन्या न मागता भरपाई देतात. २०१९ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा दिवसाला ८ पौंड आणि ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ न आल्यास २५ पौंड असा दर होता, पुढे तो वाढत गेला. तक्रार नोंदवल्याशिवाय दिवस मोजले जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याचे नेटही बंद आहे असे समजून वाट पाहू नका.

राऊटर जिन्याखालच्या कपाटात ठेवू नका. अंबाजोगाईच्या एका मुलीची मागच्या खोलीतली मुलाखत दोनदा तुटली होती. राऊटर कपाटातून काढून दिवाणखान्यातल्या उंच फळीवर ठेवला आणि दोघांच्या मदतीने पंधरा मीटरची केबल ओढली, तेवढ्याने काम झाले. भिंतीला भोक पाडून फायबर आणायचे असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. गरजूंसाठीच्या सवलतीच्या योजना सरकारी भत्ते घेणाऱ्यांसाठी असतात. विद्यार्थी व्हिसावर त्या मिळत नाहीत.

घर सोडताना राऊटर कंपनीला परत करावा लागतो, न दिल्यास त्याची किंमत आकारली जाते. मागच्या भाडेकरूकडून राहिलेला राऊटर आणि आपला यांची अदलाबदल होऊ नये म्हणून राऊटरच्या पाठीवरचा क्रमांक ताडून पाहा, त्याचा फोटो काढा, कंपनीने पाठवलेल्या पिशवीत घालून पोस्टात द्या आणि पावती जपून ठेवा. डायरेक्ट डेबिट शेवटचे बिल जाईपर्यंत चालू ठेवा, आणि भारतात परतणार असाल तरी बँकेचे खाते बंद करण्याच्या आधी तुमच्याकडे काही बाकी नसल्याचे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.