आहारतज्ज्ञांनो, आंतरराज्य कराराच्या नावाखाली या चुका टाळा

अमेरिकेत आरडीएन (नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) झालेल्या आपल्या मुली फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कॉम्पॅक्ट झालंय ना? मग आता कुठल्याही राज्यातला पेशंट घेऊ?" नाही, बाळांनो. कॉम्पॅक्ट म्हणजे आहारतज्ज्ञांसाठीचा आंतरराज्य करार: आपल्या राज्याच्या लायसन्सवर करारातल्या इतर राज्यांत काम करायची परवानगी.

नेब्रास्का, टेनेसी, अलाबामा यांनी २०२४ मध्ये या करारात येण्याचे कायदे केले. करार अमलात यायला सात राज्यं लागत होती, ती २०२५ मध्ये झाली. त्यानंतर राज्यांचा आयोग बसतो, नियम ठरतात, परवान्यांच्या नोंदींची सामायिक यंत्रणा उभी राहते आणि मगच अर्ज घेतले जातात. माझ्यासोबत इंटर्नशिप केलेल्या मैत्रिणीने गव्हर्नरच्या सहीची बातमी वाचली आणि त्याच आठवड्यात शेजारच्या राज्यातले अकरा पेशंट घेतले. चार महिन्यांनी त्या राज्याच्या परवाना बोर्डाचं पत्र आलं, त्यात प्रत्येक सेशनची तारीख होती. पैसे परत करून ती मोकळी झाली, असंही नाही. आजही नूतनीकरणाच्या अर्जात 'तुमच्यावर कधी कारवाई झाली आहे का?' या प्रश्नापुढे तिला 'हो' लिहावं लागतं आणि सोबत खुलासा जोडावा लागतो. थोडी कळ काढली असती तर हे टळलं असतं. घाई करणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

दुसरी चूक म्हणजे आपण कुठे बसलोय ते बघायचं. बघायचं असतं पेशंट कुठे आहे ते. मधुमेहाच्या एक काकू व्हिडिओवर आल्या आणि मागचं स्वयंपाकघर मला अनोळखी वाटलं. विचारलं, तर लेकीकडे, दुसऱ्या राज्यात! त्या राज्याचं लायसन्स माझ्याकडे नव्हतं. सेशन तिथेच थांबवलं, परतल्यावरची वेळ दिली. तेव्हापासून "आज कुठल्या राज्यात आहात?" हे विचारल्याशिवाय मी बोलायला सुरुवातच करत नाही, आणि उत्तर चार्टमध्ये पहिल्या ओळीत लिहिते. सुट्टीत घरी गेलेल्या कॉलेजच्या मुलांना तर हमखास विचारा.

घर बदललं की बोर्डाला लगेच कळवा, कारण करारातली परवानगी राहत्या राज्याच्या लायसन्सवर उभी असते. मूळ लायसन्स संपलं की तीही गेली. करारात नसलेल्या राज्यासाठी त्यांचे स्वतःचे नियम पाळावेच लागतात. इन्शुरन्सच्या पॅनेलवर, म्हणजे विमा कंपनीच्या मान्य तज्ज्ञांच्या यादीत, जायचं काम निराळं, ते या कराराने होत नाही.

भारतातून नुसती बीएस्सी घेऊन आलेल्यांनी हा करार आडवाट समजू नये. १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीची परीक्षा पहिल्यांदा द्यायची तर पदव्युत्तर पदवी लागते. आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्या, कॉम्पॅक्टचं नंतर बघू.