अ‍ॅस्ट्रोसाइटऐवजी न्यूरॉनच वाढत असतील तर (माझा अनुभव)

आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना पुन्हा मूळ पेशींसारखं केलेल्या) तयार केलेल्या न्यूरल प्रोजेनिटर पेशी (ज्यांपासून मेंदूच्या पेशी बनतात) अ‍ॅस्ट्रोसाइटच्या (मेंदूतल्या, न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशींच्या) माध्यमात, म्हणजे त्या वाढवायच्या द्रवात, ठेवल्या, तरी प्लेटभर न्यूरॉनच दिसायचे. एस१००बी या अ‍ॅस्ट्रोसाइट ओळखायच्या प्रथिनाचं स्टेनिंग (रंगवून पाहणं) जवळजवळ कोरं. सीरम वाढवलं, माध्यमाची नवी बाटली काढली, फरक शून्य. अगदी रडकुंडीला आले होते.

अडचण पेशींच्या दाटीत होती. आधी अ‍ॅक्युटेज या पेशी सुट्या करणाऱ्या विकराने पुंजके सोडवले, एकेक पेशी सुटी होईपर्यंत. मग मोजून, मॅट्रिजेल (पेशी चिकटायला मदत करणारा जेल) लावलेल्या प्लेटवर चौरस सेंटिमीटरला १५,०००च पेशी टाकल्या. पेशी विरळ वाटतात, तरी वाढवू नका. २ टक्के सीरमचं माध्यम, दर ४८ तासांनी ताजं. प्लेट ९० ते ९५ टक्के भरली की पुन्हा सुट्या करून तीच १५,०००ची घनता. पहिले ३० दिवस हे चुकवायचं नाही.

आता एस१००बी बहुतेक पेशींत दिसतं. जीएफएपी हे अ‍ॅस्ट्रोसाइटचं दुसरं ओळखीचं प्रथिन काहींतच आहे, पण कोवळ्या अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये ते अपेक्षितच.