वेल्सचा प्रेमाचा चमचा कोरताना या चुका टाळा

वेल्समध्ये तरुणाने आवडत्या मुलीसाठी चमचा कोरून द्यायची जुनी रीत आहे. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयातल्या अशाच एका चमच्यावर १६६७ साल कोरलेलं आहे. दांड्यावरची हृदयं, किल्ल्या, साखळ्या, पिंजऱ्यातला गोळा, सगळं एकाच अखंड लाकडातून काढायचं असतं. कडी तुटली आणि चिकटवली, तर चमचा दिसायला तसाच राहील, पण जे द्यायचं होतं तेच त्यातून गेलेलं असेल. म्हणून तुटण्याची वेळच येऊ नये यासाठी हे वाचा.

लाकूड निवडताना

पारंपरिक लाकूड सिकॅमोरचं. बारीक पोताचं, फिकट आणि बिनवासाचं. नावावरून मात्र फसगत होते. ब्रिटनमधला सिकॅमोर मेपलच्या कुळातला. अमेरिकेत याच नावाने मिळणारं झाड वेगळं आहे, आणि मराठी बायबलात जक्कय ज्यावर चढला तो उंबर तर आणखी निराळा. महाराष्ट्रात कोरणार असाल तर शिवण किंवा हळदू घ्या. सागाचे पोत खरखरीत असतात, त्यातल्या सिलिकाने सुरीची धार लवकर जाते आणि बारीक कड्यांचे टवके उडतात.

लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीबरोबर धावल्या पाहिजेत. नक्षी जास्त मावते म्हणून फळीवर चमचा तिरका आखला, की मानेशी रेषा आडव्या जातात आणि तिथेच तो मोडतो. ओलं लाकूड असेल तर खोडाचा गाभा आधी चिरून काढून टाका, नाहीतर सुकताना तडा तिथून सुरू होतो. ओल्या सिकॅमोरच्या फळ्या आडव्या रचून ठेवल्या तर त्यावर करडे डाग पडतात. उभ्या करून सुकवा.

आधी वाटी, मग नक्षी

सर्वात जास्त चमचे क्रम चुकल्याने मोडतात. नक्षीची हौस असते, म्हणून दांडा आधी पोखरला जातो. मग वाटी खोदायला चमचा शिकंज्यात आवळला, की जाळीदार दांडा कडकन जातो. साधा चमचा असेल तर २५ × ६ × २ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. तो चौकोनी असतानाच वाकड्या सुरीने वाटीची आतली बाजू खोदा, साधारण ८ ते १० मिलिमीटर खोल. वेल्समध्ये या सुरीला ‘तुका काम’ म्हणतात. त्यानंतर पाठ उतरवा, कड ३ ते ४ मिलिमीटर ठेवा. मानेजवळ सुरी नेहमी उतरणीला चालवा: वाटीकडून मानेकडे आणि दांड्याकडून मानेकडे. खालून वर गेलात तर पातं रेषांत शिरतं आणि खपली निघते. भोकं पाडायचं काम शेवटी.

साखळी: गाभा कुणाचा?

तीन कड्यांसाठी २४ मिलिमीटर चौरस आणि ९५ मिलिमीटर लांब भाग राखून ठेवा. प्रत्येक बाजूचे ८-८ मिलिमीटरचे तीन भाग आखा आणि चारही कोपरे काढा, म्हणजे अधिक चिन्हासारखा छेद उरतो. या चिन्हाच्या समोरासमोरच्या दोन भुजा म्हणजे एक पंखजोडी. आता लांबीवर मिलिमीटर मोजत पहिली कडी ० ते ४५ एका पंखजोडीवर, दुसरी २५ ते ७० आडव्या जोडीवर, तिसरी ५० ते ९५ पुन्हा पहिल्या जोडीवर. प्रत्येक कडीचं टोक ९ मिलिमीटर जाड.

इथे हमखास गोंधळ होतो तो मधल्या ८ मिलिमीटरच्या गाभ्याचा. २५ ते ३४ या पट्ट्यात गाभा दुसऱ्या कडीचा आहे, ३६ ते ४५ मध्ये पहिलीचा. कडीचं भोक म्हणून तो सरसकट कोरून टाकला की शेजारच्या कडीचं टोकच नाहीसं होतं. सुरी उचलण्याआधी प्रत्येक कडीचा गाभा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने रंगवा. या दोन पट्ट्यांच्या मधले दोन मिलिमीटर (३४ ते ३६) फक्त कोरायचे. कड्या सुट्या करायची घाई नको: बाहेरचा आकार गोलसर झाल्यावरच टोकदार पात्याने पंख आणि शेजारचा गाभा वेगळे करा. सुट्या कडीला धरायला काही उरत नाही. कडी अडकत असेल तर लांब बाजू ७ मिलिमीटरपर्यंत बारीक करा, टोकांना हात लावू नका. टोकांत रेषा आडव्या असतात, कडी तिथेच तुटते.

पिंजऱ्याचा हिशोब सोपा. २४ मिलिमीटर चौरसात चार कोपऱ्यांत ५ मिलिमीटरचे खांब सोडले तर फट १४ मिलिमीटरची राहते. गोळा १७ चा ठेवा. घासत घासत १४ च्या खाली गेला की तो बाहेर पडतो, आणि मग इलाज नाही.

नावं आणि तेल

देवनागरी नाव दांड्यावर लांबीने कोरणार असाल, तर शिरोरेषा लाकडाच्या रेषांबरोबरच धावते आणि सुरी तिच्यात ओढली जाऊन अक्षराबाहेर निसटते. आधी उभ्या काना-मात्रा कोरा, शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना आडवा छेद द्या, मग ती एक एक मिलिमीटर खोलीच्या दोन फेऱ्यांत काढा. पॉलिश पेपर सगळं कोरून झाल्यावरच. आधी घासलं तर त्याचे कण लाकडात रुततात आणि पुढे सुरी बोथट करतात.

शेवटी जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात. जाड थर चिकट राहतो. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवस तेलात बहुधा धातूंचे क्षार असतात, चमचा कुणी खायला वापरणार असेल तर ते टाळा. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

देताना सोबत अर्थाची यादी जोडायची सवय आहे: चाक म्हणजे कष्ट, पिंजऱ्यातले गोळे म्हणजे मुलं. यातले बरेचसे पक्के अर्थ नंतर रूढ झाले. जुन्या चमच्यांवर अशी चिठ्ठी नसे. खूण निवडताना त्या खुणेशी तुमचं जे नातं आहे तेच पाहा, आणि चमचा २५ जानेवारीला, वेल्समधल्या प्रेमिकांच्या संत ड्वुनवेनच्या दिवशी द्यायचा असेल, तर ओल्या लाकडाला सुकायला दोन-तीन आठवडे मिळतील असं काम आधीच सुरू करा.