फ्लक्स घेण्याआधी बोर्ड कसा धुणार ते ठरवा

सोल्डर नीट धरण्यासाठी धातूवरचा ऑक्साइडचा थर काढायला लावतात तो फ्लक्स. ‘कुठला फ्लक्स चांगला?’ असं विचारणाऱ्याला आधी उलट विचारायला हवं: सर्किट बोर्ड नंतर धुणार का, आणि कशाने? त्याचं उत्तर मिळालं की फ्लक्सची निवड जवळपास झालेलीच असते.

१. नको ते बाजूला करा. कल्हईचा नवसागर, सोनाराचा टाकणखार, भांड्याला डाग देताना लावतात ते झिंक क्लोराइडचं ‘ॲसिड’ हे सगळे फ्लक्सच आहेत, पण बोर्डावर नकोत. क्लोराइड मागे राहिलं की दमट हवेत तांबं खात बसतं.

२. डबीवरचा कोड वाचा. जे-एसटीडी-००४ या मानकाप्रमाणे आरओ म्हणजे राळ, आरई म्हणजे कृत्रिम राळ, ओआर म्हणजे सेंद्रिय आम्ल, आयएन म्हणजे असेंद्रिय. पुढचं एल, एम किंवा एच हे अक्षर तिखटपणा सांगतं. शेवटी ० असेल तर हॅलाइड (क्लोराइडसारखे क्षार) जवळजवळ नाही, १ असेल तर आहे.

३. कामाप्रमाणे घ्या. ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर वायरने नवे थ्रू-होल (पाय भोकातून घालायचे) पार्ट लावायचे असतील तर वायरच्या पोटातली राळ पुरते. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठावरच बसणारे पार्ट) आणि आयसीसाठी सिरिंजमधला आरओएल० जेल. जुने, काळवंडलेले पाय असतील तर आरओएल१ आणि नंतर आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) धुणं. पाण्याने धुतला जाणारा ओआरएच१ सोल्डर झकास धरतो, पण त्याच दिवशी कोमट-गरम पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवायलाच हवा. बोर्डावर बझर, उघडा रिले, माइक किंवा ट्रिमर असेल तर तो विसरा. अनेक तारांच्या वायरला तर लावूच नका. इन्सुलेशनखाली ओढला जातो आणि वायर आतून कुजते.

४. नो-क्लीन, म्हणजे न धुता चालावा असा फ्लक्स. घोळ इथेच होतो. नो-क्लीन म्हणजे ‘कितीही लावा, पुसू नका’ असं नव्हे. त्यातली आम्लं सोल्डरिंगच्या उष्णतेने खर्च व्हावीत किंवा उडून जावीत, उरलेली राळेत बंद व्हावीत, हे गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. पॅडवर बिट (सोल्डरिंग आयर्नचं टोक) टेकली तिथला फ्लक्स तापतो. त्याच्या शेजारी ५ मिलिमीटरवर पसरलेला थेंब जेमतेम कोमट होतो आणि जिवंत राहतो. क्यूएफएनच्या (बाहेर पाय नसलेल्या, बोर्डाला चिकटून बसणाऱ्या चपट्या आयसीच्या) पोटाखाली अडकलेल्याचीही तीच गत, कारण वाफ निघायला वाट नसते. पावसाळ्यात अशाच जागी विजेची गळती सुरू होते. एलईडी लुकलुकवणाऱ्या बोर्डाला काही कळणार नाही. १० मेगाओमचा रेझिस्टर असलेल्या सेन्सरचं रीडिंग मात्र सरकू लागतं. मग लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात.

म्हणून पातळ फ्लक्सने बोर्ड न्हाऊ घालू नका. ०.५ मिलिमीटर पिचच्या (दोन पायांमधल्या अंतराच्या) आयसीला पायांच्या रांगेवर जेलची एक बारीक रेघ पुरते. बिट शिसेवाल्या सोल्डरला ३२० ते ३५०, बिनशिशाच्या एसएसी३०५ला ३५० ते ३८० अंश सेल्सियस. फ्लक्स लगेच काळा पडून धूर होत असेल तर उष्णता कमी करा, फ्लक्स वाढवू नका.

आणि अर्धवट पुसणं तर सगळ्यात वाईट. कापसावर आयपीए घेऊन जॉइंटवर फिरवलं की राळ निघते, आम्ल पसरतं आणि मागे पांढरा थर राहतो. त्यापेक्षा हात न लावलेला बरा. धुवायचंच असेल तर ९९ टक्के आयपीए घ्या. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी असतं. बोर्ड तिरका धरा, ब्रशने घासा, घाण खाली वाहू द्या, मग ताज्या आयपीएने पुन्हा एकदा.

५. कोड नसलेली डबी. लॅमिंग्टन रोडपासून बुधवार पेठेपर्यंत पिवळ्या पेस्टच्या बिननावाच्या डब्या मिळतात. ती पेस्ट कोऱ्या तांब्याच्या बोर्डाच्या तुकड्यावर मटारएवढी लावा, बिटने वितळवा, ओल्या फडक्यासोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवा. राळेलाच हलकी हिरवट झाक आली तर घाबरू नका. कडेला निळसर-हिरवी भुकटी धरली असेल, तर ती पेस्ट जाड वायरी आणि लग (वायरच्या टोकाला लावायचे धातूचे जोड) यांच्यासाठीसुद्धा ठेवू नका, फेकून द्या.