सेन्सर बदलायच्या आधी: घरच्या सीएनसी राउटरवर या चुका टाळा

गणपतीच्या तोंडावर सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, सागवानाची गणेशपट्टी कोरायला लावली होती. साडेतीन तासांचं काम. दोन तास झाले आणि मशीन जागच्या जागी थांबलं. स्क्रीनवर 'अलार्म १', म्हणजे लिमिट स्विच (टोकाला पोचल्यावर मशीन थांबवणारा सेन्सर) दाबला गेला. गॅन्ट्री (बिटची मोटर वाहून नेणारा सरकता सांगाडा) तर बेडच्या मधोमध, सगळ्यात जवळचा स्विच हातभर लांब. मी काय केलं? स्विच बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, म्हणून दुसराही बदलला. तिसरा आणायला बेळगावच्या उद्यमबागेत गेलो, तेव्हा काउंटरवरचे मामा म्हणाले, "जुना खराब झालाय म्हणून तुला कुणी सांगितलं गा?"

कुणीच नाही. घरी येऊन काढलेले दोन्ही स्विच मीटरवर लावले. ठणठणीत.

मशीनला न विचारता पाना हातात घेणं

आपल्याकडच्या बहुतेक घरगुती मशीनवर जीआरबीएल हे मशीन हलवणारं सॉफ्टवेअर चालतं. त्याच्या कन्सोलमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह टाइप केलं की स्थिती छापून येते. कुठला सेन्सर लागलेला असेल तर शेवटी 'पीएन' लिहून त्यापुढे एक्स, वाय, झेड किंवा प्रोबचा (बिटची उंची मोजणाऱ्या प्लेटचा) पी दिसतो. एकेक स्विच बोटाने दाबा, प्रश्नचिन्ह द्या, अक्षर येतं का बघा; सोडा, जातं का बघा. पाच मिनिटांचं काम. हात न लावता अक्षर दिसत असेल तर वायर शॉर्ट आहे किंवा $५ (स्विचचा सिग्नल उलटा वाचायचा का, ती सेटिंग) उलटं आहे. दाबूनही येत नसेल तर वायर तुटलीय, नाहीतर चुकीच्या पिनवर आहे. झेडच्या बाबतीत हे हमखास होतं. जुन्या छपाईच्या सीएनसी शिल्डवर (वायरी जोडायच्या वरच्या बोर्डावर) झेडची जागा ऊनोच्या, म्हणजे खालच्या आर्डुइनो कंट्रोलर बोर्डाच्या, ११ नंबर पिनवर दाखवलेली असते. जीआरबीएल १.१ मध्ये ११ स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या मोटरला) दिलीय आणि झेडचा लिमिट १२ वर आहे.

अलार्मचा नंबरही वाचायचा असतो. ९ म्हणजे होमिंगला (मशीन स्विचला टेकून आपली सुरुवातीची जागा शोधतं तेव्हा) स्विच सापडलाच नाही. ८ म्हणजे सापडला, पण मागे सरकल्यावर सुटला नाही. त्यासाठी बहुतेक वेळा $२७ मधलं मागे सरकायचं अंतर १ मिलिमीटरवरून वाढवून ३ केलं की भागतं.

भूत कुठून येतं

माझ्या मशीनवर पीएनची सगळी अक्षरं बरोबर येत होती. मग तीच फाइल हवेत चालवली, बिट काढून, स्पिंडल बंद ठेवून. पूर्ण झाली. पुन्हा स्पिंडल चालू करून, लाकडाला न लावता चालवली. वीस मिनिटांत अलार्म. चोर सापडला: स्पिंडलची केबल आणि लिमिटच्या बारीक वायरी मी एकाच केबल चेनमधून नेल्या होत्या. व्हीएफडीवरून (स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या डब्यावरून) स्पिंडलला जाणारा करंट शेजारच्या वायरीत खोटा पल्स उठवतो. ऊनोच्या पिनचा आतला पुलअप (पिनला ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच लेचापेचा. एवढ्याशा पल्सला तो हलतो.

उपाय असे केले. स्पिंडलची शिल्डेड केबल वेगळ्या वाटेने नेली. प्रत्येक लिमिट पिनला ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. स्विच एनओवरून (दाबल्यावर जोडणारा) एनसीवर (दाबल्यावर तोडणारा) घेतले आणि $५ एक केलं. एनसीचा आणखी एक फायदा म्हणजे वायर तुटली तर ते लगेच कळतं. एनओची वायर तुटली तर गॅन्ट्री टोकाला आदळेपर्यंत पत्ता लागत नाही.

याच्या आधी $२६ वाढवून बघितलं होतं. काही उपयोग झाला नाही, कारण तो डीबाउन्स (स्विचची थरथर विसरायला दिलेला क्षणभराचा वेळ) फक्त होमिंगपुरता असतो. $२१ शून्य करून हार्ड लिमिट बंद करण्याचा शहाणपणाही मी केलाय. पट्टी निघाली, पण पुढच्याच आठवड्यात गॅन्ट्री टोकाला धडकून कपलिंग घसरलं.

अर्थिंगही बघा. जुन्या घरांत थ्री पिन सॉकेटचं वरचं भोक कितीदा रिकामंच असतं! फेज आणि अर्थमध्ये मीटरवर २३० च्या आसपास यायला हवेत. भुसा ओढणाऱ्या पीव्हीसी पाइपमध्येही स्टॅटिक साठतं. आतून उघडी तांब्याची तार घालून ती अर्थला जोडा.

प्रॉक्सिमिटीची तीन वायर

भुशाचा त्रास नको म्हणून लोक स्विचच्या जागी इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता धातू ओळखणारा) लावतात. निवड चांगली आहे, कारण लाकूड आणि भुसा त्याला दिसतच नाही. ऑप्टिकलवर भुसा बसला की तो आंधळा. पण तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल एवढं पाठ करून लोक थांबतात. नेहमी मिळणारा एलजे१२ए३ हा ६ ते ३६ व्होल्टचा आहे. ५ वर तो कधी चालतो, कधी नाही, म्हणून १२ किंवा २४ द्या. कोडच्या शेवटी 'बीएक्स' असेल तर एनपीएन (सिग्नल मायनसकडे ओढणारा), 'बीवाय' असेल तर पीएनपी (सिग्नलवर प्लस सोडणारा). पीएनपीची काळी वायर थेट ऊनोला जोडली की पिन मेली समजा. मध्ये पीसी८१७ ऑप्टो (दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारी चिप) टाका. आणि ४ मिलिमीटर हे अंतर लोखंडासाठी आहे. ॲल्युमिनियमची पट्टी समोर ठेवली तर ते अर्ध्याहूनही कमी होतं.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. वरून काही दिसत नाही. काढून बघा, स्पिरिटने पुसा. केबल चेनमध्ये घरच्या वायरिंगची जाड एकतारी वायर असेल तर ती आतून तुटते, वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. लाईट बंद करून मीटर बझरवर ठेवा आणि गॅन्ट्री हाताने हळूहळू ओढा. बीप जिथे अडखळेल तिथे वायर कापून बघा.

राहिला प्रोब. क्लिप कोलेटच्या (बिट पकडणाऱ्या चिमट्याच्या) नटाला नको, बिटच्या दांड्यालाच लावा. प्लेटची जाडी व्हर्नियरने मोजून टाका, पाकिटावरचा आकडा नको. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, प्लेट हाताने बिटला टेकवून पीएनपुढे पी येतो का बघा. माझ्या प्लेटच्या मधोमध बिटने केलेला खड्डा आहे. जाडी मोजताना तो चुकवावा लागतो.